आउटपुट आल्यानंतर

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ‘सर, आउटपुट आला’ म्हणत मुलं सहीसाठी जर्नल पुढे करतात. मी म्हणतो, आता रिकामी यादी दे. मग एकच आकडा असलेली दे. मग यादीत नसलेला आकडा शोधायला सांग. बहुतेक प्रोग्राम इथेच कुठेतरी मोडतात, आणि माझ्या मते खरं शिकणं तिथून सुरू होतं.

त्यासाठी बायनरी सर्चसारखं उदाहरण नाही: क्रमाने लावलेल्या यादीची मधली जागा बघायची आणि आकडा ज्या अर्ध्यात असेल तिथेच पुढे शोधत जायचं. दहा-बारा ओळींचं काम, पण संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी ते अनुभवी प्रोग्रामरांना दिलं तेव्हा बहुतेकांचं चुकलं. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं, की जावासाठी आपण स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्येही चूक आहे, आणि ती सुमारे नऊ वर्षं तिथेच होती. मधली जागा काढायला दोन्ही टोकांची बेरीज करून दोनाने भागायचं, एवढंच. पण यादी साधारण १०७ कोटींच्या पुढे गेली, की ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ ओलांडू शकते. ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. खालच्या टोकात अंतराचा अर्धा भाग मिळवला की प्रश्न मिटतो. एवढ्या नावाजलेल्या माणसाने आपली चूक चारचौघांत मांडली, याचं मुलांना फार नवल वाटतं. मला त्यांना तेच दाखवायचं असतं.

ऑगस्टमधले प्रोग्राम मी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांच्या हाती देतो: यात एक छोटा बदल कर. मग ‘हा फ्लॅग-टू कशाला रे?’ असे प्रश्न सुरू होतात, आणि लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. नावं नीट द्या, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मुलं आळशी झालीत, हे स्टाफरूममधलं बोलणं मला पटत नाही. अख्ख्या सत्राची जर्नलं दोन रात्रींत उतरवणारी मुलं आळशी कशी? गुण उतरवण्याला आहेत, म्हणून कष्टही तिकडेच जातात. म्हणून मी प्रोग्रामच्या आधी एक यादी मागतो, तो कुठे कुठे मोडू शकेल याची, आणि गुण तिलाही देतो. गेल्या वर्षी एका मुलीने त्यात लिहिलं: शोधायचा आकडा अनेकदा आला असेल तर कोणती जागा सांगायची? बॅचने त्यावर भरपूर वाद घातला, पहिली जागा सांगायची असं ठरवलं आणि कित्येकांनी आपला चालता प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला.