रेंज कोठे मिळते?

मुलीला स्थळ पाहताना माणसे पाहावी आणि बैल घेताना दात पाहावे, इतके शहाणपण आमच्या वाडवडिलांनी आम्हांस देऊन ठेविले आहे. परंतु मोबाइलची कंपनी निवडताना काय पाहावे ह्याविषयी त्यांनी एक अक्षरही सांगून ठेविलेले नाही. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर ह्या एका बाबतीत तरी स्वतःच्या बुद्धीने चालण्याचा प्रसंग आमच्यावर आला. त्या बुद्धीने पुण्यात आम्हांस उत्तम साथ दिली. कोकणात दिली नाही, आणि तीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

पुण्यात कंपनी निवडणे म्हणजे भाव पाहणे होय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की चारही कंपन्यांची रेंज भरपूर मिळते, तेव्हा प्रश्न उरतो तो केवळ पैशांचा. दिवाळीच्या सामानाची यादी ज्या वहीत होते त्याच वहीत आमच्या सौभाग्यवतींनी चारही कंपन्यांचे रिचार्ज मांडले, आणि त्यांच्या ध्यानात आले की ह्या व्यापाऱ्यांचा महिना अठ्ठावीसच दिवसांचा असतो. अर्थात् वर्षाकाठी रिचार्ज तेरा वेळा करावा लागतो. आमच्या पंचांगात अधिकमास सुमारे तीन वर्षांनी येतो, ह्यांच्या पंचांगात तो दरसाल येतो! हा अधिकमास चुकविण्यासाठी त्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरण्याची युक्ती काढली व सर्वांत स्वस्त कंपनीकडे घरातले सगळे नंबर नेले. आईचा नंबर तेवढा वडिलांनी घेतला होता त्याच जुन्या कंपनीकडे राहिला. त्याचा रिचार्ज आम्ही पुण्यात बसल्या बसल्या करीत असू आणि तेवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानीत असू.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिला आहे त्यांना सडा म्हणजे काय हे सांगणे नलगे. वर कातळाचे उघडे पठार, आणि त्याच्या कुशीत, पाण्याच्या आश्रयाने, माडापोफळींत दडून बसलेली वाडी. पूर्वजांनी वारा लागू नये, पाणी जवळ असावे म्हणून खोलगट जागा शोधली आणि हातभर रुंदीच्या चिऱ्याच्या भिंती उभारल्या. वाऱ्याला अडविणाऱ्या त्या डोंगराने आणि त्या भिंतींनी पुढे विजेच्या लहरींनाही अडविले, ह्यात पूर्वजांचा दोष नाही. ह्या घरात वडील गेल्यापासून, म्हणजे २०१६ पासून, आई एकटी राहते. पुण्यास चल म्हटले की ती म्हणते, "तिथे मी कुणाशी बोलू? फोनशी?" मग आम्ही गप्प बसतो.

घरात रेंज मिळण्याची जागा एकच होती. पडवीच्या तिसऱ्या खांबाशी उभे राहून तोंड सड्याकडे केले की फोनवर दोन रेघा उमटत. आईने त्या खांबाचे नाव 'टेलिफोनचा खांब' असे ठेविले होते. रोज रात्री आठ वाजता ती तेथे येऊन उभी राही, पदर डोक्यावरून घेई (वडीलधाऱ्यांशी बोलत असल्याप्रमाणे; फोन मुलाचा असला तरी), आणि आम्ही पाच मिनिटे बोलत असू. एक पाऊल इकडे तिकडे झाले की आवाज तुटे. ह्या व्यवस्थेचे आम्हांस कौतुकच वाटे. पुण्याच्या मित्रमंडळींत तो खांब हा आमचा एक ठरलेला विनोद होता.

२०२३ च्या आषाढात एका रात्री आठ वाजता फोन लागला नाही. साडेआठला नाही, नऊला नाही. प्रत्येक वेळी तीच बाई त्याच शांत आवाजात सांगे की आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. हे वाक्य आम्ही पूर्वी शेकडो वेळा ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र त्या रात्री प्रथम मनात उतरला. आई कोठेही बाहेर गेलेली नव्हती. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ती तेथेच आहे. पावसात कोकणात फोन असाच बंद पडतो, वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतात व बॅटरी संपली की मुके होतात, हे आम्ही एकमेकांना समजावून सांगितले आणि झोपावयास गेलो. खरे म्हणजे झोप कोणालाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळले ते असे: संध्याकाळी मागील दारी शेवाळावरून आईचा पाय घसरला व उजवे मनगट मोडले. ती कशीबशी स्वयंपाकघरात येऊन भिंतीशी टेकून बसली. फोन कनवटीला होता. तिने डाव्या हाताने तो तीन वेळा लाविला, परंतु चुलीपाशी रेंज नव्हती आणि पडवीपर्यंत जाण्याचे त्राण नव्हते. खालच्या घरची सून सकाळी दूध घेऊन आली तोपर्यंत ती तशीच बसून होती. राजापुरात हात प्लास्टरमध्ये घालून झाल्यावर आम्ही तिच्यापाशी पोहोचलो, तेव्हा ती आम्हांस एवढेच म्हणाली, "अरे, खांब फार लांब पडला."

त्यानंतर आम्ही हा विषय विनोदाचा मानणे सोडून दिले.

पुण्यात एका कंपनीच्या दुकानात गेलो असता तेथील तरुणाने पडद्यावर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा उघडून दाखविला. त्यात आमचा तालुका सबंध रंगलेला होता. रंगाऱ्याने भिंत रंगवावी तसा तो रंग सडा, खोरे, नदी असा भेद न करता फासलेला होता. ह्या नकाशांविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये नवे नियम केले, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर ठेविलाच पाहिजे असे ठरविले, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि नकाशा गाव दाखवील, फार तर आळी दाखवील. चूल कशी दाखविणार? शिवाय ह्या धंद्यात 'सर्कल' म्हणून जो विभाग मानतात त्यात मुंबई वेगळी असून उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एकच सर्कल होते. गडचिरोलीच्या जंगलापासून पणजीच्या किनाऱ्यापर्यंतची सरासरी काढून आमच्या वाडीची स्थिती सांगणे म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा पाऊस मोजून आमच्या विहिरीचे पाणी सांगण्यासारखे आहे.

एका जाणत्या स्नेह्याने आम्हांस अधिक उपयोगाची माहिती दिली. सर्व लहरी सारख्या नसतात. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी दूरवर जातात, टेकडीला थोड्याफार वळसा घालतात आणि भिंतीतूनही बऱ्याचशा शिरतात. २३०० च्या आसपासच्या लहरी एका वेळी पुष्कळ माल वाहतात, पण त्यांची धाव तोकडी. शहरातील भरधाव इंटरनेट ज्या लहरींच्या जोरावर चालते, त्या आमच्या चिऱ्याच्या भिंतीपाशी येऊन थबकतात. म्हणजे पुण्यात जी कंपनी श्रेष्ठ ती राजापुरातही श्रेष्ठ, हे आमचे गृहीतच मुळी कच्चे होते. "चारही सिमकार्डे घेऊन जा आणि घरभर हिंडून पाहा," असे त्यांनी सांगितले. "आणि पावसातच जा. उन्हाळ्यात पाहिलेले स्थळ पावसात वेगळे निघते."

म्हणून श्रावणात आम्ही व आमचे चिरंजीव दोन फोनांत चार सिमकार्डे घालून गावी गेलो. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा आणि मागील दार अशा प्रत्येक ठिकाणी उभे राहून चारही नंबरांवरून एकमेकांस फोन लावावयाचा आणि चिरंजीवांनी वहीत लिहावयाचे, असा क्रम दोन दिवस चालला. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन हा प्रकार पाहत होती. "वास्तुशांतीला भटजीसुद्धा इतका हिंडला नव्हता," असे ती म्हणाली.

सौभाग्यवतींची स्वस्त कंपनी ओटीच्या आत पाऊल टाकावयास तयार नव्हती. दुसरीने सड्यावर मोठी ऐट दाखविली, वाडीत उतरताच ती निपचित पडली. आईची जुनी कंपनी आपल्या खांबाशी एकनिष्ठ होती. चौथीकडून आम्हांस काहीच अपेक्षा नव्हती. तिचे इंटरनेट इतके मंद की एक छायाचित्र उतरावयास चहा उकळून गाळून होई. परंतु स्वयंपाकघरात, चुलीजवळ, भिंतीला टेकून जमिनीवर बसले असतानाही तिची एक रेघ टिकून राहिली, आणि मागील दारी, जेथे आई पडली तेथे, बोलणे अगदी स्वच्छ ऐकू आले. चिरंजीवांनी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

आता उरले होते फक्त आईला सांगणे. ते सर्वांत कठीण गेले.

हा नंबर वडिलांनी २००४ मध्ये घेतला. आलेल्या फोनचेही पैसे पडण्याची पद्धत आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, बंद झाली होती, आणि तेव्हा कोठे त्यांना ही वस्तू परवडण्याजोगी वाटली. तो नंबर त्यांनी देवळाच्या वर्गणीच्या वहीत, पोस्टात, बँकेत, कलमे नेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत, आणि दरसालच्या पंचांगाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. आईचे म्हणणे असे की कंपनी बदलली म्हणजे नंबर जाणार. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ही सोय साऱ्या देशात २० जानेवारी २०११ पासून आहे, असे आम्ही तिला पुष्कळ सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "आणि त्यांच्या वाढदिवसाचा निरोप?"

आम्हांस काहीच समजले नाही. तेव्हा तिने फोन आमच्या हाती दिला. वडिलांची जन्मतारीख कंपनीच्या दप्तरात होती, आणि दर १२ फेब्रुवारीस कंपनीचे यंत्र त्यांना नावानिशी शुभेच्छा पाठवीत असे. ते वारल्यानंतरचे सातही निरोप आईने जपून ठेविले होते. नंबर अजून वडिलांच्याच नावावर आहे हे आम्हांस त्या क्षणी कळले. सात वर्षे त्याचे पैसे भरणाऱ्या मुलास एवढीही माहिती नव्हती.

अर्थात् पोर्ट करण्याआधी नंबर आईच्या नावावर करून घेणे आले. जुन्या कंपनीच्या दुकानात आम्ही अर्ज दिला तेव्हा खिडकीमागच्या मुलीने पडद्याकडे पाहत आम्हांस सांगितले, "ग्राहकांना स्वतः यावं लागेल." आम्ही मृत्यूचा दाखला पुढे सरकविला. तिने तो वाचला, ओशाळली, आणि वरिष्ठांस विचारून आली. पुढे तीन खेपा पडल्या. दर खेपेस नवा माणूस, आणि दर खेपेस वडील कसे व कधी वारले हे आरंभापासून सांगावयाचे. कंपनीची सेवा कशी आहे हे विचारण्याची वेळ सोडून जाताना येते, घेताना नव्हे. घेताना सर्वांचीच उत्तम असते.

नाव बदलले आणि मग एक मौजेची अडचण उभी राहिली. कंपनी सोडावयाची तर त्याच नंबरावरून १९०० ह्या क्रमांकास एक संदेश पाठवावा लागतो आणि उत्तरादाखल आठ अक्षरांची खूण मिळते. म्हणजे ज्या कंपनीची रेंज मिळत नाही म्हणून आपण तिला सोडणार, तिचा निरोप घेण्यासाठी तिचीच रेंज मिळाली पाहिजे! त्या दिवशी टेलिफोनचा खांबही मुका होता. शेवटी चिरंजीव फोन घेऊन सडा चढून गेले व खूण घेऊन आले. ती चारच दिवस टिकते, म्हणून दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन राजापूर गाठले. चौथ्या कंपनीचा तेथील दुकानदार म्हणजे रिचार्ज, झेरॉक्स आणि छत्र्या असा तिहेरी धंदा करणारा गृहस्थ. आधारच्या यंत्रावर आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. राबून राबून त्या रेषा झिजून गेल्या आहेत. त्याने ओल्या फडक्याने तिची बोटे एकेक करून पुसली, पुन्हा पुन्हा टेकविली, मागे रांग लागली तरी चिडला नाही. "आजी, घाई नाय हां," म्हणाला. सौभाग्यवतींच्या वहीत ह्या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

डिसेंबरात एका सकाळी जुने सिमकार्ड गतप्राण झाले व दुपारपर्यंत नवे बोलू लागले. आम्ही मागील दारी उभे राहून फोन लाविला. स्वयंपाकघरात घंटा वाजली. तो आवाज त्या खोलीत पूर्वी कधी कोणी ऐकला नव्हता. आईने फोन उचलला, सवयीप्रमाणे उठली आणि बोलण्यासाठी पडवीत चालू लागली. "अगं, इथेच बोल, आत बस," असे आम्ही दारातून ओरडत राहिलो. ती खांबाशी जाऊन उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, आणि मग म्हणाली, "हं, बोल."

हळूहळू तिची ती सवय सुटली. आता ती भाजी निवडता निवडता बोलते आणि मागे फोडणीचा आवाज येतो. १२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री तिने आठाची वाट न पाहता सातलाच आपण होऊन फोन केला. दिवसभर कोणाचाच निरोप आला नाही, असे म्हणाली. आम्ही काही बोललो नाही. मग आमटी उतू जात होती म्हणून तिने फोन तसाच चालू ठेवून बाजूस ठेविला, आणि आम्ही बराच वेळ भांड्यांचा आवाज ऐकत बसलो.