कशावरून?

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. दरवर्षी ९ जानेवारीला फातिमा शेख यांची जयंती साजरी होते. मुली भाषणे करतात, आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवतो. यंदा आठवीतल्या एका मुलीने दोन दिवस आधीच भाषण लिहून आणले. उर्दू इतकी सफाईदार की आम्ही चकित झालो. त्यात फातिमांच्या लग्नाची तारीख होती, वर्गातल्या मुलींची नेमकी संख्या होती, त्यांच्या तोंडचे एक लांबलचक वाक्यही होते.

“बेटा, ये कहाँ पढ़ा?”

“सर, भाईजान के मोबाइल पे. एआय ने लिख के दिया.”

रागवायला तोंड उघडले, पण शब्द फुटेना. आठवड्यापूर्वी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आम्हीही त्याच यंत्राकडून करून घेतली होती. तीतल्या एका प्रश्नाचे उत्तर धड्यात नव्हतेच. ते दाखवून दिले मुलांनी!

हे यंत्र पाठ केलेले सत्य सांगत नाही. अफाट मजकुरावरून शिकलेल्या सवयीने ते शब्दापुढे शब्द मांडत जाते. जिथे माहिती थोडी, तिथे ते गप्प बसेलच असे नाही; रिकामी जागा ऐटीत भरून टाकते. आणि फातिमांविषयीची माहिती तर फारच थोडी आहे.

म्हणूनच आम्हाला भीती वाटली. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, असा दावा केला होता. त्याला उत्तर मिळाले ते एका जुन्या पत्राचे. आमच्या मुली उद्या बनावट तारखा सांगू लागल्या, तर नाकारणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत दिल्यासारखे होईल. एक खोटे सापडले की खरेही खोटे ठरवले जाते.

दुसऱ्या दिवशी डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ वर्गात नेले. १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र काढले. आजारपणामुळे माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, की आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही. एवढाच उल्लेख. पण शाळेचा भार मुकाट्याने उचलणारी बाई त्यात उभी राहते.

पत्र मराठीत. मग उर्दू तर्जुमा आम्ही मुलींसमोरच एआयकडून करून घेतला. दोन ठिकाणी वाक्याचा रोख चुकला होता. मुलींनी मूळ पत्राशी ताडून तो दुरुस्त केला. यंत्र वाईट नाही, हे त्यांना त्या तासाला कळले. त्याला विचारावे, पण त्याच्या उत्तरालाही विचारावे: कशावरून? हदीसची सनद तपासणाऱ्यांच्या परंपरेतल्या लेकरांना हा प्रश्न परका वाटू नये. आणि तो आधी आम्ही शिक्षकांनी स्वतःला विचारावा.

९ जानेवारीला त्या मुलीने भाषण केले. पहिल्यापेक्षा कितीतरी लहान, आणि उर्दूही अडखळती. शेवटी ती म्हणाली, “इतनाच मालूम है, लेकिन ये पक्का है.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. या खेपेस जरा जास्तच वेळ.