क्रोक पार्कचे पटांगण

फुटबॉल हे नाव एकच. परंतु त्या नावाखाली जगात किती खेळ नांदतात, हे आयर्लंडला जाईपर्यंत आम्हांस नीटसे उमगले नव्हते. १८६३ साली लंडनमध्ये काही क्लब नियम ठरविण्यास एकत्र बसले. चेंडू हाती घेऊन धावावे की नाही, यावरून वाद पेटला व फूट पडली. हाती घेणाऱ्यांनी १८७१ साली रग्बीची निराळी संघटना उभारली. मेलबर्नकरांनी तर त्याआधीच, १८५९ साली, आपले नियम लिहून काढले होते. अमेरिकेत शिरस्त्राणे घालून एकमेकांवर आदळणारेही आपल्या खेळास फुटबॉलच म्हणतात. यांपैकी आपल्या पोरांच्या ओळखीचा जो खेळ, त्याने जग जिंकले. फिफाचे सभासद २११ आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आणि तरीही डब्लिन शहरात ८२,३०० माणसांचे एक प्रेक्षागार निराळ्याच फुटबॉलासाठी भरते. देशांतर केलेली आयरिश माणसे सोडली, तर तो बाहेर फारसा कोणी खेळत नाही.

रॉयल कालव्याच्या काठाकाठाने चालत आम्ही तेथे पोहोचलो. शेजारीच क्लॉनलिफची जुनी सेमिनरी. तिची जमीन २०१९ साली या खेळाच्या संघटनेने विकत घेतली. जेथे पूर्वी धर्मगुरू घडत, तेथून जाताना आमची पावले थोडी मंदावली, हे कबूल करतो.

पटांगणाचे नाव क्रोक पार्क. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांचे ते स्मारक होय. १८८४ च्या १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणादिवशी, टिपररी परगण्यातील थर्ल्स गावी एका हॉटेलात मूठभर माणसे जमली व त्यांनी देशी खेळांची संघटना स्थापिली. आर्चबिशपांनी तिचे आश्रयदातेपद स्वीकारले. इंग्रजांच्या खेळांबरोबर आपले खेळ, आणि खेळांबरोबर आपला ताठ कणाही जाईल, ही त्यांना धास्ती होती.

त्या हिरवळीवर रक्त सांडले आहे. १९२० च्या २१ नोव्हेंबरला, रविवारी, डब्लिन व टिपररी यांचा सामना होता. सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी शहरात ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केले होते. दुपारी सरकारची सशस्त्र दले पटांगणात शिरली व त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. १४ जीव गेले. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता आणि भिंतीवर बसून सामना पाहणारा दहा वर्षांचा एक मुलगाही होता. आज होगनच्या नावाच्या सज्जात विजयी कर्णधार चषक उंचावतो.

मग परक्या खेळांविषयी मन कडू झाले, यात नवल ते काय? परंतु कडवटपणा वाढला की तो घरच्यांनाही सोडीत नाही. संघटनेचा नियम असा होता की, सभासदाने सॉकर वा रग्बी खेळू नये, पाहूही नये. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेले डग्लस हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३८ साली पदाच्या नात्याने ते सॉकरचा एक सामना पाहावयास गेले, तर त्यांचे नाव आश्रयदात्यांच्या यादीतून खोडण्यात आले! हा नियम १९७१ साली रद्द झाला. परंतु पटांगणाचे दार मात्र बंदच राहिले.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, ते धर्मगुरू आम्हांस एके सायंकाळी टिपररीतील एका खेड्यात घेऊन गेले. खरा खेळ आम्ही पाहिला तो तेथे. दोन शेजारी धर्मग्रामांचा सामना, प्रत्येकी पंधरा खेळाडू, मधून मधून पावसाची भुरभुर. चेंडू हाती घेऊन चार पावले जावे, मग तो जमिनीवर आपटावा किंवा पायाने उडवून पुन्हा झेलावा. खांबांमधून आडव्या दांडीवरून गेला तर साधा गुण, जाळ्यात गेला तर तीन. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा मुलगा मध्यभागी खेळत होता. तो शाळामास्तर. राष्ट्रीय अंतिम सामन्यात ऐंशी हजार माणसे तिकिटे काढून बसतात, तरी खेळाडूस पगार नाही. सोमवारी तो पुन्हा आपल्या वर्गावर किंवा गोठ्यात. बहुतेक क्लबांची हद्द म्हणजे धर्मग्रामाचीच हद्द. जिथे बाप्तिस्मा झाला, त्या गावासाठी खेळावयाचे. आमच्या खेड्यातील पोरांच्या पाठीवर मेस्सीचे नाव असते, गावाचे नसते. हा विचार त्या पावसात आमच्या मनात येऊन गेला खरा.

सामन्यानंतर एका वृद्ध सद्गृहस्थाच्या स्वयंपाकघरात चहा झाला. गोष्ट २००७ वर आली. रग्बी व सॉकरचे डब्लिनमधील मैदान नव्याने बांधावयास काढले होते, म्हणून २००५ साली संघटनेने २२७ विरुद्ध ९७ मतांनी क्रोक पार्कचे दार काही काळ उघडले. रागापेक्षा भाडे जड ठरले, असे म्हणणारेही भेटतात. २४ फेब्रुवारी २००७ ला इंग्लंडचा रग्बी संघ तेथे उतरणार होता आणि होगन जेथे पडला, तेथे इंग्लंडच्या राणीचे गीत वाजणार होते.

"आपण गेला होता?" आम्ही विचारले.

"छे, फादर! मी दार उघडण्याच्या विरुद्ध होतो," म्हातारबुवा म्हणाले. "दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. गीताची वेळ आली तसा उठलो आणि चहा करण्याच्या निमित्ताने इथे आलो. लोक शिट्ट्या मारतील, देशाची लाज जाईल, ही भीती. आणि नाही मारल्या तर, ही दुसरी."

शिट्ट्या कोणी मारल्या नाहीत. गीत संपले, तेव्हा टाळ्या झाल्या. मग आयरिश गीत सुरू झाले आणि धिप्पाड खेळाडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आयर्लंडने तो सामना ४३ विरुद्ध १३ गुणांनी जिंकला.

"बायकोने हाक मारली, 'या आता, झाले गीत,'" ते म्हणाले. "मी बाहेर गेलो. चहा तसाच ओट्यावर निवून गेला."

एवढे बोलून त्यांनी आमच्या पेल्यात आणखी चहा ओतला.