एकाने जास्त

२.
पूर्ण वर्गात एक मिळवायचा. आलेली संख्या मूळ असली तर ठेवायची, नाहीतर सोडायची. १ सोडून बाकी विषम संख्या इथे निकामी. त्यांचं उत्तर सम येतं.

५.
शेवटी ५ असलेली ही एकटीच. पुढच्या सगळ्या १ वर किंवा ७ वर संपतात.

१७.
पळस्पे फाटा. पुण्याकडे राष्ट्रीय महामार्ग ४, गोव्याकडे १७. चाराचा वर्ग अधिक एक, शिरढोणच्या दारावरून. मग सरकारने क्रमांक बदलले: ४८ आणि ६६. ४८ चा वर्ग अधिक एक २३०५. बघताक्षणी पाचाने भाग जातो. लोक तेव्हाही 'गोवा हायवे' म्हणत, आताही तेच म्हणतात.

३७.
वासुदेव बळवंत फडके. जन्म शिरढोण, ४ नोव्हेंबर १८४५. मृत्यू एडन, १७ फेब्रुवारी १८८३. तुरुंगातून पळाले, पुन्हा पकडले गेले, अन्न सोडलं. वय ३७.
४, १७, ३७. यातून काहीही सिद्ध होत नाही. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या माणसाला आकडे जुळणं वेगळं आणि अर्थ निघणं वेगळं, हे सांगायला नको.

१०१.
आहेराची पाकिटं: ११, २१, ५१, १०१, ५०१, १००१. वरचा रुपया सगळ्यांत आहे. वर्गावरचा रुपया फक्त १०१ मध्ये. १००१ ला सात, अकरा, तेरा तिघांनीही भाग जातो, पण आहेर कोण वाटून घेतं?

१९७.
केंब्रिज, १९१२. एडमुंड लांडाऊ यांनी मूळ संख्यांविषयी चार प्रश्न मांडले. त्यांतला एक: अशा संख्या अनंत आहेत का? चारही अजून सुटलेले नाहीत.

२५७.
१९७८. हेन्रिक इवानिएत्स यांनी दाखवलं की वर्गाहून एकाने जास्त अशा अनंत संख्यांना मूळ अवयव फार तर दोनच असतात. दोनाचा एक करायचा राहिलाय.

४०१.
१७ मधून एक काढा, वर्ग करा, एक मिळवा: २५७. पुन्हा तेच: ६५५३७. फर्माला वाटलं, हे असंच मूळ येत राहणार. पुढची ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भागलं.

५७७.
शून्य, चार, सहा यांवर संपणाऱ्या संख्या ओळीने घ्या: ४, ६, १०, १४, १६, २०, २४. एकही दगा देत नाही.

६७७.
२६ सुद्धा नाही. मग ३०: नऊशे एक. सतरा गुणिले त्रेपन्न.