आधी बोंड, मग दर्शन

यवतमाळहून नागपूरकडे निघालात की वाटेत कळंब लागतं. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं, कुंडापाशी दोन मिनिटं टेकायचं... वीकएण्ड मस्त!

माझी नजर मात्र आधी कपाशीकडे जाते. २०१७ साली बीएस्सीला असताना विद्यापीठाच्या लॅबमध्ये माझं काम एकच, बोंडं फोडून अळ्या मोजायच्या. ग्लॅमर शून्य! एकदा कळंबच्या काकांच्या शेतातली वीस बोंडं नेली. वरून ठणठणीत. चौदांत गुलाबी अळी! ती कोवळ्या बोंडात शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं. वहीत आकडा लगेच लिहिला, काकांना फोन करायला संध्याकाळ झाली.

“बोंडाले तं साधं भोकबी नाही दिसत, बापू,” एवढंच म्हणाले.

आजही कळंबला गेलो की आधी एक बोंड फोडून बघतो. दर्शन नंतर.