उपसर्ग

मुलुंडच्या आमच्या घरातला संगणक 2012 सालचा. 2024 च्या मे महिन्यात आम्ही दोघांनी त्यावर विंडोज 10 नव्याने बसवायला घेतले, तेव्हा बूटच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला : एकदा नुसता, एकदा ‘यूईएफआय’ हा उपसर्ग लावून. उपसर्गाने अर्थ पालटतो हे वर्गात शिकवूनही, नवे ते बरे म्हणून आम्ही दुसरा निवडला. संगणकाने नकार दिला : डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची, आणि यूईएफआयने बसवायचे तर जीपीटी हवी. मदतीला आलेला शेजारचा तरुण सहज म्हणाला, "सर, सगळी पार्टिशन्स उडवा."

‘डी’मध्ये 2003 पासूनची आमची टाचणे होती, विद्यार्थ्यांचे निबंध होते. दुसरी प्रत नव्हती. (आळस, दुसरे काय!) आम्ही संगणक पुन्हा सुरू केला, उपसर्गाविना नाव निवडले, जुन्या बायोसच्या रीतीने, केवळ ‘सी’ पुसून, काम झाले.

निबंध वाचले, वाचता मात्र येईनात. ते युनिकोडपूर्व फॉन्टातले, आणि फॉन्ट ‘सी’बरोबर गेलेला. पानभर रोमन अक्षरांचा खच.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे मोफत साहाय्य थांबले. विंडोज 11 ला तर यूईएफआयच लागते. आम्ही अजून घाटकोपरच्या एका जुन्या टंकलेखकाच्या सीडींमध्ये तो फॉन्ट शोधतो आहोत.