दोनशे मार्कांचं तिकीट

माझ्या अल्बममध्ये जर्मनीच्या पानावर 1923 सालचं एक तिकीट आहे. मूळ किंमत 200 मार्क. त्यावरच काळ्या शाईत नवा आकडा छापलाय, 20 लाख! चौथीत असताना मामाने आणलेल्या पुडीत ते निघालं. त्याच पानावर खाली हिटलरच्या चेहऱ्याचं तिकीट. पैशाचा कागद झाला म्हणून हा माणूस आला, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

कॉलेजात आकडे वाचले आणि गोंधळलो. नवं चलन आणून ती महागाई 1923 अखेरच आटोक्यात आली होती. 1928 मध्ये नाझींना जेमतेम 2.6 टक्के मतं होती. मग मंदी आली, बेकार साठ लाखांच्या घरात गेले आणि जुलै 1932 मध्ये नाझी 37 टक्क्यांवर पोचले. पण बेकार कामगार बरेचसे कम्युनिस्टांकडे वळले होते. नाझींना भरभरून मतं दिली ती छोट्या दुकानदारांनी, कारागिरांनी, शेतकऱ्यांनी. 1923 मध्ये ज्यांची आयुष्यभराची शिल्लक बुडाली, त्यांतलेही कितीतरी याच थरातले. चलन सावरलं, अपमान राहिला. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉमने 1941 च्या पुस्तकात या थराच्या मनाचा ठाव घेतलाय: एकटा, हतबल झालेला माणूस कुणा बलवानाच्या हाती स्वतःला सोपवून मोकळा होतो.

कॉलेजच्या त्याच वर्षी दिवाळीला घरी गेलो. तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान. मोठी दुकानं आली होती, गिऱ्हाईक तुटलं होतं. आम्ही उपाशी नव्हतो. पण ओळखीचं माणूस समोरून पिशवी घेऊन गेलं की दादा, माझे वडील, खाली मान घालून लोखंडी मीटरपट्टी पुसत बसायचे. ते मला बघवत नसे.

एका संध्याकाळी चौकात सभा झाली. तुमच्या ताटातला घास कुणी पळवला, ते वक्त्याने जातीधर्मासकट सांगितलं. दादा ताठ मानेने घरी आले, दोन भाकऱ्या जास्त जेवले. आईला बरं वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या मास्तरांशी बोलणं टाकलं. मास्तर वीस वर्षं आमच्या गिऱ्हाइकांचे कपडे शिवत होते. मी एका शब्दाने दादांना अडवलं नाही, ते आजही टोचतं.

दोन वर्षांनी मास्तर गाळा सोडून गेले. आमचं गिऱ्हाईक काही परत आलं नाही.